एकही फाईल गेली नाही

१

खंडेरायाची आण घेऊन सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी त्या खोलीत हजर होतो. म्हणजे अगदी खोलीत नव्हतो, बाहेर ओट्यावर होतो. ओटासुद्धा शेजारचा, माझा स्वतःचा. आणि आता आणच घेतली आहे म्हणून सांगतो, ज्या शुक्रवारी मुख्य प्रकार घडला त्या शुक्रवारी मी अलकापुरीतल्या एका लग्नात श्रीखंडाच्या तिसऱ्या वाटीवर होतो. पण ज्यांच्यावर गुदरतं त्यांना धड सांगता येत नाही, आणि ज्याला सांगता येतं तो नेमका तेव्हा पंगतीत असतो, याला मी काय करू?

तर बडोद्यात, वासण्याला, आमच्या सोसायटीत मोहित्यांचं टेनामेंट, म्हणजे बैठं घर आहे. आजोबा सरकारच्या पागेत होते, नातू प्रतापसिंह मस्कतच्या एका प्लांटवर. घरात दोघीच: प्रतापसिंहाची आई जिजाबाई आणि बायको संयोगिता. संयोगिता दुसरी. पहिली वैष्णवी. ती कशी गेली ते सांगत बसत नाही. साध्या तापानं गेली, आणि साध्या तापात सांगण्यासारखं काही नसतं.

मोबाईलवर माणसाचा चेहरा दिसण्याचे दिवस अजून यायचे होते. संयोगिताला नवरा दिसायचा तो शुक्रवारी सकाळी, पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. मस्कतला शुक्रवारची सुट्टी. ती केस विंचरून, साडी बदलून बसायची. जिजाबाई वेताच्या खुर्चीत, जपमाळ घेऊन. पडद्यावर प्रतापसिंह यायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, "दिसतेस. बोल."

या दोन शब्दांवर तिचा आठवडा निघायचा. लग्नानंतर तो जेमतेम रजेपुरता घरी राहिला होता. आपण या घरात आहोत याचा तिच्याकडे दुसरा पुरावा नव्हता म्हटलं तरी चालेल.

खोलीत आणखी एक गोष्ट होती, किंवा नव्हती म्हणा. छताला दोन लोखंडी आकडे होते, झोपाळ्याचे. झोपाळा मात्र दुसऱ्या लग्नाच्या आधीच प्रतापसिंहानं काढून, पाट चादरीत गुंडाळून, माळ्यावर टाकला होता. त्याच्यावर दुपारची वैष्णवी बसायची.

त्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, लिनक्स नावाची सिस्टीम होती. कित्येक दिवस ते विचारत होतं, नवी आवृत्ती आली आहे, घेऊ का? एका दुपारी संयोगितानं 'हो' म्हटलं. त्या शुक्रवारी नवरा आला, बोलला, पण कॅमेरा काळा आणि माईक मुका.

"अगं, आहेस का तिथं?" तो विचारत राहिला. "कोणीच दिसत नाही. खोलीत कोणी आहे का?"

ती ओरडून सांगत होती, आहे, मी आहे. पलीकडे काही पोचत नव्हतं.

जिजाबाईंनी एक मणी सरकवला. "नवी आली की घरातलं चालतं ते बंद पडतं. बघतेच आहे मी."

२

निहार शिर्क्याचं अलकापुरीत तळघरात कॉम्प्युटर-दुरुस्तीचं दुकान. लिनक्स म्हणजे त्याला देवाचा प्रसाद, भेटेल त्याला वाटायचा. मोहित्यांचं मशीन त्यानंच पूर्वी बसवलेलं, वैष्णवीच्या वेळी. तो आत आला, चपला काढल्या, आणि दिवा लावायला त्यानं हात भिंतीवर नेला तो दाराच्या डावीकडे. तिथं बटण नव्हतं. रंगकामात ते उजवीकडे नेलं होतं.

"अरे, इथं होतं ना?" तो हसला.

संयोगिताला ते हसणं आवडलं नाही. या माणसाला तिच्या घरातलं तिच्या आधीचं काय काय ठाऊक असेल, असा एक खडा तिच्या मनात तेव्हाच पडला.

"वहिनी, टेन्शन नका घेऊ," निहार म्हणाला. "तुमचा कॅमेरा बराबर आहे, माईक बराबर आहे. नव्या व्हर्जनला हे जुनं सामान ओळखूच येत नाही, बस. आपण मशीनला मागे नेऊ. जुनी आवृत्ती टाकू. जुन्याला जुनं ओळखता येतं."

"आणि आतल्या फाईली, निहारभाई?"

"त्या वेगळ्या कप्प्यात आहेत. एका कप्प्यात सिस्टीम, दुसऱ्यात तुमचं सगळं. सिस्टीमचा कप्पा पुसायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. घर पाडून बांधायचं, पण माळ्यावरचं सामान जागेवर. एकही फाईल जाणार नाही, माझी गॅरंटी."

प्रतापसिंहाला फोन लावला. लाईन खरखरत होती. तो एवढंच म्हणाला, "निहार, वैष्णवीचं काही जाता कामा नये. फोटो, तिचे आवाज, काही म्हणजे काही."

संयोगिताचं काही जाऊ नये असं तो म्हणाला नाही. घाईत राहिलं असेल. तिनं स्वतःची तशी समजूत घातली. त्या कप्प्यात तिचाही एक फोल्डर होता, डभोईच्या माहेरचे फोटो, तिनं काढलेले भरतकामाचे नमुने, भावाच्या मुलीचं बारसं.

जुन्या आवृत्तीची सीडी फिरू लागली. निहारनं पडद्यावर एक चौकोन दाखवला. "इथं खूण केली की दुसरा कप्पा साफ. म्हणून इथं खूण करायचीच नाही. बघा, नाही केली." मग खुर्ची तिच्याकडे वळवून म्हणाला, "आता नाव टाका."

"कुणाचं?"

"पहिलं खातं ज्याच्या नावाचं होतं त्याचं. अक्षराला अक्षर तेच हवं, म्हणजे जुना फोल्डर जागच्या जागी उघडेल. तुमचं खातं मागाहून जोडलेलं होतं ना, ते परत मागाहून जोडू. पहिलं नाव ज्याचं, त्याच्या हातात सगळ्या किल्ल्या. या सिस्टीमची पद्धतच आहे ती."

जिजाबाईंची माळ थांबली होती.

इथं तुम्हाला लग्नातली एक गोष्ट सांगायला हवी. मोहित्यांकडे नव्या सुनेचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. या लग्नात ताट समोर आलं तेव्हा जिजाबाई म्हणाल्या होत्या, "वैष्णवीच लिही. तोंडात बसलंय." प्रतापसिंहानं 'वै' काढलंही होतं. संयोगितानं भर मांडवात हात पुढे करून तांदूळ सारखे केले. "आईसाहेब, माझं नाव मला पुरतं," असं म्हणाली. डभोईकर हसले, मोहिते नाही हसले. आमच्या सोसायटीत तो किस्सा पुढे वर्षभर चहाबरोबर चालला.

तीच संयोगिता आता त्या चौकोनासमोर बसली आणि एकेक अक्षर शोधत तिनं स्वतःच्या बोटांनी लिहिलं: वैष्णवी. इंग्रजीत लिहावं लागतं, पण वाचायला तेच.

जिजाबाई हळूच म्हणाल्या, "झालं एकदाचं."

३

मशीन जुन्या रंगात उघडलं. कॅमेऱ्यावरचा हिरवा दिवा लागला. निहार फोनवर बोलत अंगणात गेला होता. पडद्यावर लिहिलं होतं, या, वैष्णवी. त्याच्यावर एक लहान चौकट आली. किल्ल्यांचा जुडगा उघडण्यासाठी जुना पासवर्ड द्या.

संयोगिता हाक मारणार होती. पण हात आधीच कळफलकावर होते, आणि भाजीवाल्याशी बोलताना आपण लसूण सोलतो तसे ते चालले. ठिपके उमटले. एन्टर. चौकट नाहीशी झाली.

निहार आत आला. "पासवर्ड मागितला असेल ना? तो वैष्णवीवहिनींचा जुना, आपल्याकडे नाही. त्याला बगल देऊ."

"उघडलं," ती म्हणाली.

"कसं?"

"काहीतरी टाकलं."

"काय टाकलं?"

तिनं बोटांकडे पाहिलं. काय टाकलं ते तिला खरंच आठवेना. काहीही दाबलं तरी उघडत असेल, बिघडलेलंच असेल, असं तिच्या अकलेनं तिला ताबडतोब सांगितलं. निहारनं मात्र उगाच पेचकस पिशवीत टाकला, बाहेर काढला, परत टाकला.

"तुमच्या फोल्डरवर कुलपाचं चित्र दिसेल," तो जाता जाता म्हणाला. "घाबरू नका. आत सगळं आहे. तुमचं खातं अजून या सिस्टीमला माहीत नाही, म्हणून मालकाच्या जागी नाव नाही, नुसता आकडा दिसतोय. आठवड्यात येऊन जोडतो. एका ओळीचं काम."

"एका ओळीचं असेल तर आत्ताच जोडा ना."

"आत्ता दुकानात माणूस थांबलाय, वहिनी."

रस्त्याला लागताना तो जवळजवळ पळतच होता. हे मी ओट्यावरून पाहिलं. हे खरोखर पाहिलं.

४

शुक्रवार आला. जिजाबाई मारुतीच्या देवळात गेल्या होत्या. संयोगिता एकटीच बसली. पडदा उजळला. प्रतापसिंह आला, डोळे बारीक केले, आणि हसला.

"दिसतेस. बोल."

तिला रडूच आलं. ती बोलत राहिली, पाणी किती वेळ येतं, आईसाहेबांचे गुडघे, सोसायटीतली भांडणं. तो ऐकत होता, पण त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे जात होती.

"अगं, झोपाळा परत लावलास का?"

"नाही बाई. का?"

"आवाज येतोय. किर्र... टक. किर्र... टक. डाव्या कडीला तेल घालायचं मी म्हणायचो, राहूनच गेलं." तो पुन्हा हसला, पण यावेळचं हसू जुनं होतं, तिच्या ओळखीचं नव्हतं. "बरं वाटतं ऐकायला."

कॉल संपला तेव्हा तिनं वर पाहिलं. आकडे रिकामे. खोली गप्प. फ्रिजची घरघर, बाहेर कुणाच्या तरी स्कूटरला किक.

तिला संशय आला तो माणसांचा. चांगल्या संसारी बाईला आधी माणसांचाच येतो. सासूनं आणि निहारनं मिळून काहीतरी जुनं रेकॉर्डिंग आत लावून ठेवलं असणार. नाहीतर माळ्यावरून पाट कुणीतरी काढला असणार.

तिनं शिडी लावली. माळ्यावर पाट होता, चादरीत, सुतळीनं बांधलेला. कड्या पितळी, डब्यात. उतरताना शिडीच्या पायरीवर पायाचा अंगठा ठेचला, नख उलटलं. तिनं जुन्या पिवळ्या ओढणीची चिंधी फाडून अंगठ्याला बांधली. गाठ जाडजूड झाली, जोडवं टोचू लागलं.

सुतळीची गाठ मात्र नवी वाटत होती, की तसं तिला वाटलं, हे मला तिनं दोन वेळा दोन प्रकारे सांगितलं.

५

तिनं पडताळा घ्यायचा ठरवला. माईक चालू करायचा, खोलीत कुणी थांबायचं नाही, मग ऐकायचं. तिनं तसं केलं, ओट्यावर येऊन उभी राहिली. मी विचारलं, "काय वहिनी, केम छो?" ती म्हणाली, "मजेत," आणि आत कान देऊन राहिली. आतून काहीही आवाज येत नव्हता. मी साक्षीदार आहे.

मग आत जाऊन तिनं रेकॉर्डिंग लावलं.

फ्रिजची घरघर त्यात नव्हती. तिला पहिल्यांदा हेच खटकलं. फ्रिज दुसऱ्या लग्नात आलेला. मग किर्र... टक. किर्र... टक. एका लयीत, पायानं रेटा दिल्यासारखं. मधेच जिजाबाईंचा आवाज, आताच्यापेक्षा खणखणीत: "वैष्णवी, चहा टाक ग!"

आणि अगदी माईकजवळून, झोपाळा थांबवत, एक बाई म्हणाली, "टाकते, आईसाहेब."

संयोगितानं ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. वैष्णवीचा आवाज तिला ठाऊक होता. प्रतापसिंहानं जपून ठेवलेल्या फाईलींत तो होता, किनरा, थोडा नाकातला. हा तो नव्हता. हा जाड होता, शेवटचं अक्षर डभोईकरांसारखं लांबवणारा. भावाच्या मुलीच्या बारशाच्या फाईलीत तिचा स्वतःचा जो आवाज पाळणा म्हणत होता, तो. ताडून पाहावं म्हणून तिनं आपला फोल्डर उघडायला घेतला. कुलूप.

तिनं निहारला फोन लावला. "निहारभाई, खरं सांगा, आत काय लावून ठेवलंय? झोपाळ्याचा आवाज येतो."

"तो जुना प्रॉब्लेम आहे, वहिनी. तुम्हीच तेव्हा तक्रार केली होती ना, कॉलमध्ये झोपाळा फार वाजतो म्हणून?"

"मी? मी केव्हा?"

मग निहार म्हणाला, "सॉरी. तुम्ही नाही. त्या. गफलत झाली." आणि खालच्या आवाजात, "तुमचं बोलणं फोनवर एकदम..." फोन ठेवला की लाईन गेली, कोण जाणे. खातं जोडायला तो आला नाही. दुकानावर गेलं तर बाहेर गेलेला असायचा.

संध्याकाळी तिनं सासूला गाठलं. "आईसाहेब, तुम्ही निहारला काही सांगितलं होतं का? मशीनबद्दल?"

"मी? अगं, मला त्या माऊसची शेपटी बघूनच किळस येते, मी काय सांगणार?" जिजाबाई शेंगा सोलत होत्या. सालं एकीकडे, दाणे एकीकडे, हात जराही चुकत नव्हता. "पण एक सांगू? हल्ली दुपारी आवाज येतो ना, तो बरा वाटतो. घर भरल्यासारखं."

"आवाज मशीनमध्ये येतो, आईसाहेब. खोलीत येत नाही."

जिजाबाईंनी मान वर केली. तिच्याकडे फार मायेनं पाहिलं. लग्न झाल्यापासून असं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"असं होय," त्या म्हणाल्या. "तुला नाही येत का अजून?"

६

पुढच्या शुक्रवारी तिनं ठरवलं होतं, प्रतापसिंहाला सगळं सांगायचं आणि हे मशीन बंद करायचं. ती लवकर बसली. कॉल जुळण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट यायची, आपण कसे दिसतो ते दाखवणारी. त्यात बघून ती टिकली सरळ करायची.

तिनं टिकलीकडे हात नेला. चौकटीत हात आला नाही.

चौकटीत कॉम्प्युटरसमोरची खुर्ची होती. रिकामी. ती ज्या खुर्चीत बसली होती तीच, मानेचा टेका उसवलेला. मागे दाराच्या डावीकडे दिव्याचं बटण होतं. आणि छतापासून पितळी कड्यांच्या दोन साखळ्या खाली आलेल्या.

कॅमेरा अडकला असेल. जुना फोटो असेल. निहारनं लावलेला असेल. तिच्या अकलेनं तीनही कारणं एका दमात दिली. पण फोटोतला झोपाळा पुढे येत नाही आणि मागे जात नाही. हा जात होता. त्यावर बसलेलीचा चेहरा चौकटीच्या वर राहिला होता. दिसत होता तो साडीचा काठ आणि पावलं. झोपाळा पुढे आला की पावलं कॅमेऱ्याजवळ यायची, मागे गेला की अंधुक व्हायची.

मागे वळून बघावं असं तिला एकदाही वाटलं नाही. मी विचारलं होतं. ती म्हणाली, "वळले असते तर रिकामी खोली दिसली असती. मग मी काय केलं असतं?"

झोपाळा पुन्हा पुढे आला. पाऊल फरशीला लागलं, रेटा दिला. अंगठ्याला चिंधी होती. पिवळी. जाडजूड गाठ, जोडव्याला टेकलेली.

खुर्चीखाली, फरशीवर टेकलेला तिचा अंगठा ठणकत होता.

तेवढ्यात कॉल जुळला. प्रतापसिंह आला. त्यानं पडद्यात पाहिलं, आणि त्याचा सबंध चेहरा मऊ झाला, डोळे भरले. तिच्याकडे बघून तो असा कधीच झाला नव्हता.

"दिसतेस," तो म्हणाला. "किती दिवसांनी दिसतेस ग. बोल ना."

तिनं तोंड उघडलं. ती म्हणणार होती, मी संयोगिता. तिच्या मागून, जाड, लांबवलेल्या डभोईच्या आवाजात कुणीतरी आधीच बोलायला लागलं होतं.

तिनं वायर खेचली. पिशवीत दोन साड्या कोंबल्या, लंगडत रस्त्याला आली, रिक्षा केली आणि मिळेल ती डभोईची बस पकडली. बसमध्ये शेजारच्या बाईनं नाव विचारलं तेव्हा तिनं ते मोठ्यानं सांगितलं, पुढच्या चार बाकांना ऐकू जाईल असं. डभोईच्या कोटाचा दरवाजा दिसला तेव्हा तिचा अंगठा ठणकायचा थांबला.

७

आता आण घेतली आहे तर कबूल करतो. यात एक तुकडा मी रचलेला आहे.

झोपाळा नाही, तो आहे. चिंधीही मी रचली नाही, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. निहार आहे, दुकान आहे, श्रीखंड तर होतंच. रचली ती डभोईची बस. बस, ती शेजारची बाई, मोठ्यानं सांगितलेलं नाव, सगळं माझं. अशी पोर सुटली नाही असं सांगून लोकांना जेवायला कसं पाठवायचं, म्हणून मी तिला बसमध्ये बसवतो. काही वेळा खिडकीची जागासुद्धा देतो.

त्या शुक्रवारी मी लग्नाहून परतलो तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते सांगून झाल्यावर ती पिशवी भरायला म्हणून आत गेली. एवढंच खरं. पुढे काय झालं ते मला ओट्यावरून दिसलं नाही. आवाज मात्र आला. किर्र... टक. पहिल्यांदाच, मशीनशिवाय, माझ्या कानांना.

आज वासण्याला गेलात तर मोहित्यांच्या पुढच्या खोलीत झोपाळा टांगलेला दिसेल. घरात बाई आहे. चहा फार छान करते, सासूसुनांचं बघण्यासारखं जमतं, प्रतापसिंह वर्षातून दोनदा येऊ लागला आहे. फक्त हाक मारताना जपा. मी एकदा चुकून जुन्या सवयीनं म्हणालो, "काय संयोगितावहिनी, केम छो?" तिनं पाय टेकून झोपाळा थांबवला. अंगठ्यावर नखाचा व्रण होता. ती रागावली नाही. नाव कुठं ऐकलंय ते आठवत असल्यासारखं बघितलं, आणि शेवटचं अक्षर लांबवत म्हणाली, "कोण हो?"

निहार अजून गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगतो, मोहित्यांचं मशीन मी मागे नेलं, पण एकही फाईल जाऊ दिली नाही. तेही खरं आहे. ती बाई चहा टाकायला आत गेली होती तेव्हा मी स्वतः उठून बघितलं. सगळं जागेवर आहे. एका फोल्डरवर कुलूप आहे, आणि मालकाच्या जागी नुसता आकडा.